पाटलाची तारीख

कोंबडा पाळायचा माझा मुळीच विचार नव्हता. मला पोपट हवा होता, आणि तोही मायसाठी.

माय म्हणजे माझी आई, विमलाबाई. दादा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा नांदेडच्या पलीकडच्या आमच्या गावाहून मी तिला मलकपेठला घेऊन आलो. हैदराबादेत त्या वर्षांत जिकडे पाहावं तिकडे बंगले पाडून अपार्टमेंटं उभी राहत होती, आणि विमा कंपनीतल्या नोकरीच्या जोरावर मीही अशाच एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर शिरलो होतो. लिफ्ट होती, केबल होती, हॉलमध्ये बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तसबिरींच्या खाली हप्त्यांवर घेतलेला रंगीत टीव्ही होता. मायला इथे कशाची कमी पडणार नाही, अशी माझी समजूत होती.

माय गप्प झाली. गावात जिची हाक वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, ती बाई सकाळपासून खिडकीशी बसून खालच्या रस्त्याकडे बघत राहायची. समोरच्या घरात तेलुगू, खालच्या घरात उर्दू. माझी बायको चारुलता शाळेत शिकवायला जायची, मी ऑफिसला. राहिली आमची शिवानी. तिला मराठी येतं, पण हैदराबादेत पिकलेलं. "आजी, तू खाना खा ली क्या?" असं ती प्रेमानं विचारायची आणि मायला वाटायचं पोरगी खेकसतेय. हळूहळू मायची भाकरी अर्धी झाली, मग चतकोर झाली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. बोलायला कोणीतरी द्या." गोळ्या लिहून दिल्या असत्या तर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्या असत्या. बोलायला माणूस कुठल्या दुकानात मिळतो?

पोपट ही कल्पना मला ऑफिसात सुचली आणि ती मी घरी येताना जिन्यात कुद्दूस साहेबांपाशी बोललो, ही चूक झाली. कुद्दूस साहेब खालच्या मजल्यावर राहतात. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून सल्ला देणं हीच नोकरी त्यांनी धरली आहे आणि या नोकरीत ते रजा घेत नाहीत.

"तोता?" ते म्हणाले. "अजी हनमंते साब, होश में हैं? तोता रखना अब जुर्म है. जेल होता. दिलसुखनगर के आगे एक मैडम का आश्रम है, लंगड़े-लूले परिंदे पालते उनो. वहाँ जाओ. कायदे से लाओ, सवाब भी मिलता."

आता कायदा आणि पुण्य दोन्ही एकाच ठिकाणी मिळत असेल तर मध्यमवर्गीय माणूस तिथे जातोच. रविवारी मायला रिक्षात घालून आम्ही सगळे गेलो.

आंब्याच्या झाडांमध्ये पत्र्याच्या शेडी होत्या. आश्रम चालवणाऱ्या भाग्यलक्ष्मीगारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी') पूर्वी मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की ते आपोआप कळायचं. त्यांनी आम्हाला बसवलं आणि मुलगी मागायला आलेल्या पाहुण्यांना विचारावेत तसे प्रश्न विचारले. घरात कोण कोण? दिवसभर घरी कोण असतं? छताचे पंखे किती खाली आहेत? मी पोपटाचा विषय काढताच त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोपट बरे झाले की आम्ही सोडून देतो. घरी नेऊन पिंजऱ्यात ठेवायला देत नाही." मग त्यांनी आम्हाला एक पंख तुटलेलं कबुतर दाखवलं, वाकड्या पायाचं बदक दाखवलं. शिवानीला बदक आवडलं. चारुलतानं न्हाणीघराचा विचार करून मान हलवली.

एवढ्यात माय कुठे दिसेना. पाहतो तर ती शेडीच्या मागे एका मोठ्या डालग्यापुढे उकिडवी बसली होती. डालग्यात एक कोंबडा होता. उंच, तांबडा, मान ताठ, पाय एखाद्या कुस्तीगिरासारखे. डावा डोळा नव्हता. तिथे नुसती सुकलेली कातडी होती.

"ह्याचा डोळा कुनी फोडला?" मायनं विचारलं.

कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन बोलली होती. चारुलतानं माझा हात दाबला.

भाग्यलक्ष्मीगारूंनी सांगितलं ते असं. हा असील जातीचा, झुंजीचा कोंबडा. किनारपट्टीकडची माणसं संक्रांतीला कोंबड्यांच्या पायाला सुऱ्या बांधून झुंजी लावतात, शहरात आली तरी लावतात. मुशी नदीच्या काठच्या एका आवारात अशी झुंज चालली असताना पोलिसांनी धाड घातली, माणसांना पकडलं आणि हा आश्रमात आला. कोर्टात केस आहे, त्यामुळे हा मुद्देमाल आहे. घरी न्यायचा तर जामीनपत्रावर सही करावी लागेल आणि कोर्टानं बोलावलं तर जिवंत हजर करावा लागेल.

"बोलावतात का?" मी विचारलं.

"सहसा नाही," त्या म्हणाल्या.

मी विमा कंपनीतला माणूस. 'सहसा' या शब्दावर आमचा सगळा धंदा उभा आहे. घरं सहसा जळत नाहीत, माणसं सहसा अकाली मरत नाहीत, म्हणून तर आम्ही पगार घेतो. तरी मी सही केली. कारण मायनं तोपर्यंत डालग्याचं तोंड उघडलं होतं आणि कोंबडा तिच्या मांडीवर चढून बसला होता.

रिक्षातच तिनं त्याचं नाव पाटील ठेवलं. चारुलता हसली, पण माय गंभीर होती. "चाल बघितली न्हाईस का त्याची? जल्मभर पाटलाच्या वाड्यापुढून खाली मान घालून गेले. आता पाटील माझ्या हातचे दाने खाईल."

पाटील आला आणि घराची दिशाच बदलली. डाव्या बाजूनं त्याला दिसत नसे, त्यामुळे त्या बाजूनं जे काही येईल ते शत्रूचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आम्ही सगळे उजवीकडून चालायला शिकलो. चारुलता पटकन शिकली, शिवानी खेळ म्हणून शिकली. मी मात्र सकाळी घाईत असतो. टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून निघालेल्या विमा अधिकाऱ्याला एक कोंबडा स्वयंपाकघरापर्यंत पिटाळत नेतो आणि त्याची मुलगी टाळ्या वाजवते, हे दृश्य कुठल्याही समाजात प्रतिष्ठेचं मानलं जात नाही. माझ्या पोटऱ्यांवर खुणा राहिल्या. मायला कधी त्याची चोच लागली नाही. ती त्याच्याशी बोलत बोलतच येई, म्हणून तो ओळखत असेल.

आणि माय बोलायची! सकाळपासून बोलायची. गावातल्या विहिरीचं, दुष्काळाच्या साली खडी फोडली त्याचं, दादांनी रात्रशाळेत अक्षरं गिरवली त्याचं. मला ठाऊक नसलेल्या गोष्टी ती कोंबड्याला सांगत होती, आणि मी पेपर धरून हॉलमध्ये ऐकत बसायचो. भाकरी पूर्ववत झाली. डॉक्टरांना मी सांगितलं की उपाय सापडला. कोणता, ते मात्र सांगितलं नाही.

अडचण आरवण्याची होती. गावात कोंबडा आरवला की माणसं उठतात. अपार्टमेंटमध्ये कोंबडा आरवला की माणसं सेक्रेटरीकडे जातात. आमचे सेक्रेटरी लक्ष्मणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य त्यांनी फायलींवर शेरे मारण्यात घालवलं आणि आता फायली नसल्यामुळे ते आमच्यावरच मारत. ते वर आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "हनमंतेगारू, डॉग ईज पेट. कॅट ईज पेट. कोडी ईज नॉट पेट. कोडी ईज कर्री."

कोडी म्हणजे तेलुगूत कोंबडा. मायला वाक्य कळलं नाही, पण तिनं पाटलाला पदराखाली घेतलं.

कुद्दूस साहेबांनी तोडगा काढला. "मुर्गे कू नीची पेटी में सुलाओ. गर्दन उठाने कू जागा नक्को. गर्दन नहीं उठी तो बाँग कैसा देता?" आम्ही टीव्हीचं खोकं आडवं करून त्यात पाटलाला ठेवला. तो आरवला नाही. त्यानं खोकं फोडलं आणि मग नेहमीपेक्षा जास्त वेळ आरवला. कुद्दूस साहेब म्हणाले, बदाम खिलाओ, मिजाज नरम होता. बदाम खाऊन त्याचा आवाज सुधारला.

तरीही प्रकरण निभलं असतं, जर क्रिकेटची मॅच नसती. आमचा टीव्ही इमारतीत सगळ्यांत मोठा, म्हणून मी मोठेपणानं सगळ्यांना बोलावलं. लक्ष्मणरावांनाही, समेट व्हावा म्हणून. त्यांना मानाची खुर्ची दिली. भज्यांचा वास घरभर पसरला होता, आपली माणसं चांगली खेळत होती, लक्ष्मणराव चक्क हसत होते, आणि वीज गेली. टीव्ही काळा झाला. त्या काळ्या काचेत पाटलाला समोर एक उंच, ताठ मानेचा कोंबडा दिसला.

तो उडाला. काच वाचली. काचेवर आपटून तो खाली पडला तो नेमका लक्ष्मणरावांच्या पायाशी, आणि मानाची खुर्ची त्याच्या डाव्या हाताला आली होती. पुढचं मी सांगत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला त्यांना मीच स्कूटरवर नेलं आणि जाता-येता ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी असोसिएशनची नोटीस आली. इमारतीतून कोंबडा ताबडतोब हलवावा, अन्यथा पाणी तोडण्यात येईल. तेलुगूत आणि इंग्रजीत, शिक्क्यासह. मी ती मायपासून लपवली. पण घरात काय चाललंय हे मायला भाषेशिवाय कळतं. तिनं ताट बाजूला सारलं. "पाटील जाईल तर मीबी जाते गावाकडं," ती म्हणाली.

गावाकडे कोण होतं? घराला कुलूप होतं आणि कौलं खाली आली होती. मी रात्रभर कुशी बदलत राहिलो.

तिसऱ्या दिवशी एक हवालदार आला आणि माझ्या हातात समन्स ठेवून गेला. कोर्टानं मुद्देमाल हजर करायला सांगितला होता. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. पहिला मान पाटलाला मिळाला. चारुलता शाळेत वह्या तपासते तसं ते समन्स तिनं वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे लक्ष्मणरावांना दाखवा."

मी दाखवलं. कोर्टाचा शिक्का पाहताच लक्ष्मणराव खुर्चीतून उठून उभे राहिले. सरकारी नोकरीत घालवलेलं आयुष्य त्यांच्या पाठीच्या कण्यात होतं.

"म्हणजे हा कोर्टाचा माल आहे?"

"कोर्टाच्या परवानगीशिवाय जागेवरून हलवता येत नाही," मी म्हणालो. हे खरं आहे की नाही मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. त्यांनी नोटीस मागे घेतली आणि जिन्यात पाटील समोरून आला की त्यालाच आधी वाट द्यायला लागले.

समन्सचं एक संकट मात्र खरं होतं. मी आश्रमात फोन केला आणि लक्ष्मणरावांच्या 'कर्री'सकट सगळं सांगितलं. भाग्यलक्ष्मीगारू म्हणाल्या, "आरोपी सुटले तर कोंबडा मालकाला परत जातो. आणि एका डोळ्याचा कोंबडा झुंजीला चालत नाही, हनमंतेगारू."

"मग मालक त्याचं काय करतो?"

"तुमचे सेक्रेटरी काय म्हणाले होते?"

मी हे चारुलताला हळूच सांगितलं. मायनं तेही ऐकलं. ती पाटलाला मांडीवर घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्या संध्याकाळी त्याच्याशीसुद्धा बोलली नाही.

तारखेच्या दिवशी आम्ही नामपल्लीच्या कोर्टात निघालो. पाटील डालग्यात, डालगं मायच्या मांडीवर, माय रिक्षात मधोमध. माझ्या ऑफिसात रजेच्या कारणाला मी 'कौटुंबिक सुनावणी' असं लिहिलं. त्यावरून माझा आणि चारुलताचा काडीमोड होतोय अशी बातमी पसरली आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून संसार म्हणजे तडजोड असते, हे मनापासून समजावलं. कोंबड्याचं नाव सांगण्यापेक्षा मी ते ऐकून घेतलं.

त्या दिवशी मॅजिस्ट्रेट रजेवर होते. पुढच्या तारखेला वकिलांचा बहिष्कार होता. त्यापुढच्या तारखेला सगळे होते, पण आमचा पुकारा होईपर्यंत कोर्ट उठलं. प्रत्येक वेळी आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर डालगं घेऊन बसायचो आणि येणारे-जाणारे वकील थांबून विचारायचे, "कितीला?" एकदा पाटील आरवला. शिपाई धावत आला आणि त्यानं मायला दम दिला. माय शांतपणे म्हणाली, "त्याचा पुकारा झाला न्हाई म्हून त्योच पुकारतोय." शिपायाला मराठी समजत नव्हतं हे बरं.

अखेर पुकारा झाला. आत गेलो. आरोपी ओळीनं उभे होते. त्यांतला एक नजरेत भरणारा होता. सफारी सूट, गळ्यात सोन्याची साखळी आणि हातात त्या वेळी शहरात नवाच आलेला, विटेएवढा मोबाइल फोन. त्याचं नाव सत्तिराजू. गोदावरीकडचा माणूस, शहराबाहेर प्लॉट पाडून विकायचा. सगळे त्याला राजूगारू म्हणत होते, पोलीससुद्धा.

मॅजिस्ट्रेट तरुण होते, बारीक चेहऱ्याचे, सर्दीनं हैराण झालेले. त्यांनी मुद्देमाल बाहेर काढायला सांगितला. मायनं पाटलाला डालग्यातून काढून कडेवर घेतला. सरकारी वकिलानं आरोपींना एकेक करून विचारलं, हा कोंबडा कुणाचा? पहिला म्हणाला, माझा नाही. दुसरा म्हणाला, मी तिकडे लघवीला गेलो होतो. तिसऱ्यानं कोंबडा हा पक्षी आपण प्रथमच पाहत असल्याचा आव आणला. राजूगारूंनी तर पाटलाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत त्यांनी फक्त मान हलवली.

माझ्या मनात आलं, कुणाचाच नाही म्हटल्यावर आमचाच. मी चारुलताला तसं कुजबुजणार, इतक्यात राजूगारूंच्या हातातली वीट वाजली.

सगळं कोर्ट दचकलं. मॅजिस्ट्रेट संतापले. राजूगारू गडबडीनं बटणं दाबत म्हणू लागले, "सारी सर, सारी, सारी..."

तो आवाज ऐकून पाटलानं मान वर केली. मायच्या कडेवरून त्यानं उडी मारली, फरशीवर नखांचा आवाज करत तो कोर्टाच्या मधून चालत गेला, कुणाकडेही न बघता, आणि सत्तिराजूंच्या बुटांपाशी जाऊन थांबला. राजूगारू त्याच्या डाव्या बाजूला होते. मी डोळे मिटून घेतले. आता काय होणार हे माझ्या पोटऱ्यांना माहीत होतं.

काहीच झालं नाही. डोळे उघडून पाहिलं तर राजूगारूंचा हात त्यांच्या नकळत खाली गेला होता आणि बोटं पाटलाच्या गळ्याखाली, पिसांच्या आत फिरत होती. पाटलानं उरलेला डोळा मिटला होता.

त्यांचा वकील उठला. "सर, कोंबड्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही."

"मी धरत नाही," मॅजिस्ट्रेट रुमालानं नाक पुसत म्हणाले. "पण मला दिसतंय."

राजूगारू वाकलेलेच होते. ते तेलुगूत हळू आवाजात बोलले आणि कोर्ट इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू आलं. "माझाच आहे. अंड्यातून निघाला तेव्हापासून माझ्या हातावर वाढला. मीच त्याला झुंजीत उतरवला." वकिलानं कपाळाला हात लावला. राजूगारूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "दंड करा, आत टाका. मला हा परत द्या."

"ज्याच्या पायाला तुम्ही सुरी बांधली, तो तुम्हालाच परत देऊ?" मॅजिस्ट्रेट म्हणाले. मग ते मायकडे वळले. "अम्मा, पुढेही तुम्ही सांभाळाल का?"

मी मायला मराठीत सांगितलं. माय दोन पावलं पुढे आली आणि राजूगारूंकडे बोट करून जे बोलली ते मी इथे पूर्ण देत नाही. सुरुवात "मुडद्या, लेकरावानी वाढवलास अन्‌ त्याच्याच पायाला सुरी बांधलीस?" अशी होती आणि पुढे त्यांच्या घराण्याचा उल्लेख होता. शेवटी ती मॅजिस्ट्रेटना म्हणाली, "सांभाळते साहेब. पर ह्या मानसाला कधीमधी भेटू द्या. त्याचाबी जीव हाय."

मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या म्हणतात, हरकत नाही," मी सांगितलं.

राजूगारूंना किरकोळ दंड झाला आणि पाटील कायमचा आमचा झाला. बाहेर व्हरांड्यात राजूगारू एका खांबापाशी एकटेच उभे होते. फोन वाजत होता आणि ते उचलत नव्हते. मी मायला घेऊन लगबगीनं रिक्षाकडे गेलो. कोंबडा मिळाला, प्रकरण मिटलं, आता शिक्षा झालेल्या माणसाशी ओळख वाढवण्यात काय अर्थ? अशा गोष्टी सोसायटीत लवकर कळतात.

पण घरी आल्यावर माय पुन्हा अबोल झाली. पाटील होता, दाणे होते, ती त्याला खायला घालायची, पण पहिल्यासारख्या गोष्टी सांगायची नाही. एकदा भाकऱ्या थापता थापता तिनं चारुलताला विचारलं, "त्या मानसाला निरोप गेला का?"

"कसला निरोप, आत्याबाई?"

"साहेबापुढं मी सांगितलं न्हाई का? येऊ द्या म्हून."

चारुलतानं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वर धरला. पेपराच्या पलीकडून चारुलता म्हणाली, "अहो, तुम्ही साहेबांना सगळं सांगितलं होतं ना?" नवरा-बायकोत कुठला प्रश्न उत्तरासाठी असतो आणि कुठला नसतो हे लग्न झालेल्यांना कळतं. मी उठलो आणि राजूगारूंच्या प्लॉटच्या ऑफिसला फोन लावला.

पुढच्या रविवारी ते आले. लक्ष्मणरावांनी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं, कारण त्यांना वाटलं कुणी आमदार आला आहे. आज सफारी नव्हती. साधा पांढरा शर्ट, हातात भिजवलेल्या बदामांचा डबा. बूट बाहेर काढून ते आत आले आणि मी खुर्ची पुढे करेपर्यंत फरशीवर मायच्या समोर बसले. पाटील धावत आला आणि दोघांच्या मधे बसला. चारुलतानं चहा ठेवला.

माय मराठीत बोलत होती, ते तेलुगूत बोलत होते, आणि बराच वेळ त्यांना माझी गरज पडली नाही. पिसं उचकटून माय काही दाखवायची, ते मान डोलवायचे. मायनं पंजा उलटा करून एक जुनी जखम दाखवली, त्यांनी जीभ चावली. मी चहाचे कप घेऊन उभा होतो. माझ्याच घरात, माझ्याच फरशीवर, एक दंड झालेला गृहस्थ माझ्या आईशी माझ्यापेक्षा जास्त बोलत होता, आणि आई हसत होती.

मग ती एकदम थांबली आणि माझ्याकडे वळली. "इचार त्याला, ह्याचा डोळा गेला तवा तू रडलास का?"

मी तेलुगूत विचारलं. राजूगारूंनी पाटलाच्या पाठीवरचा हात काढला नाही. "त्या दिवशी नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी पोलिसांपासून पळत होतो. जामिनावर सुटून घरी गेलो, रिकामी टोपली पाहिली, तेव्हा."

मी सांगितलं. मायनं मान हलवली. "अजून हायेत का घरी, झुंजीचे?"

राजूगारूंना ते मी सांगायच्या आधीच कळलं असावं. त्यांनी खाली बघत दोन बोटं वर केली. संक्रांत जवळ आली होती.

मायनं त्या दोन बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, त्या दोघांनाबी हितं आनून सोड. मी सांभाळते."

राजूगारू माझ्याकडे बघू लागले, आता मी काय सांगतो याची वाट बघत. स्वयंपाकघराच्या दारात चारुलता उभी होती आणि तीही माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांपुढे तीन कोंबडे उभे राहिले. पहाटे तिघांनी मिळून दिलेली बांग, टीव्हीची काच, लक्ष्मणरावांच्या पोटऱ्या. या दोन पाहुण्यांना तर दोन्ही डोळे होते आणि कोर्टाचा शिक्का नव्हता. 'आई तुम्हाला आशीर्वाद देते' एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. तेलुगूत ते फार सोपं वाक्य आहे.

मायचा चेहरा मी पाहिला. गावाहून आल्यापासून तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मी सांगितलं. शब्दाला शब्द.

राजूगारूंचा फोन वाजला. त्यांनी तो न बघता बंद केला आणि पाटलाच्या गळ्याखाली बोटं फिरवत राहिले. एकदा त्यांच्या तोंडून "संक्रांत..." एवढंच निघालं. मग त्यांनी मायच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "रविवारी आणतो, अम्मा."

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. मी हातातले कप खाली ठेवले, चपला घातल्या आणि लक्ष्मणरावांकडे निघालो. सांगायचं ते उभ्यानं सांगावं की त्यांना आधी बसवून सांगावं, एवढंच जिन्यात ठरवायचं होतं.